सकाळी नऊपर्यंत दार उघडू नका

दोन महिन्यांपूर्वी याच पानावर मी बदकांच्या खुराड्याविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यानंतर आलेली निम्म्याहून जास्त पत्रं अंड्यांबद्दलची आहेत. अंडी जातात कुठं, बदकी उबायला का बसत नाही, कवच मऊ का येतं, असे प्रश्न. म्हणून या खेपेला सगळं पान बदकांनाच दिलंय. मी पशुवैद्य नाही. २००९ साली आठवडी बाजारातून पाच पिल्लं आणली, तेव्हापासून आमच्या वाड्यात बदकं आहेत, आज चौतीस आहेत. गाव गंगाखेड तालुक्यात, गंगाकाठी. लांबच्या वाचकांसाठी सांगते, आम्ही इकडं गोदावरीला गंगाच म्हणतो. जे हातानं केलंय आणि ज्याची खात्री आहे, तेवढंच लिहिते.

"काकू, माझ्याकडं सहा खाकी कॅम्पबेल माद्या आन् एक नर हाय. उन्हाळ्यात रोज चार-पाच अंडी सापडायची. पोळ्यापासून एक, कधी दोन. बदकी तब्येतीनं चांगल्या हायत, खायला बी नीट खायल्यात. घरचे म्हणायलेत, विकून टाक. अंडी घालायच्या बंद झाल्यात का कुणी न्यायलंय, काही कळेना. पाऊस लागल्यापासून लई कालवा करतात म्हणून पहाटेच ओढ्याकडं सोडून देते."
– एक वाचक, मानवत तालुका

ताई, विकू नका. तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि मला माझीच दहा वर्षांपूर्वीची सकाळ आठवली. अंडी बंद झालेली नाहीत. ती ओढ्याकडं जायला लागलीत.

कोंबडीचं आणि बदकीचं यात फार अंतर आहे. कोंबडी सकाळी उशिरा, दुपारी, कधीही अंडं देईल. बदकी देते ती पहाटे. रात्र सरता सरता सुरुवात होते आणि नऊ वाजेपर्यंत जवळजवळ सगळ्यांचं उरकलेलं असतं. तुम्ही साडेपाचला दार उघडलं की अंडं पोटात घेऊनच ती बाहेर पडते. मग चालता चालता चिखलात टाकते, नाहीतर पाण्यात. पाण्यात पडलेलं अंडं तुम्हाला कधीच दिसणार नाही. आमच्या हौदातलं पाणी उपसलं तेव्हा तळाशी सात अंडी निघाली होती.

हे झालं बेफिकीर बदकीचं. दुसरी असते लपवणारी, आणि ती शोधायला खरा कस लागतो. आमच्याकडं टिकली नावाची एक गावरान बदकी होती, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून टिकली. सलग बारा दिवस तिचं अंडं नाही. मला वाटलं, मुंगूस नेतंय. एका पहाटे मी घोंगडी पांघरून गोठ्याच्या ओट्यावर बसले. दार उघडल्यावर बाकीच्या सगळ्या ओळीनं उताराला लागल्या. टिकली त्यांच्यासोबत वीसेक पावलं गेली, थांबली, मान वर करून एकदा इकडं एकदा तिकडं पाहिलं आणि गुपचूप मागं फिरली. सरळ जागेवर गेली नाही. तुराट्यांच्या ढिगाला वळसा घातला, उकिरड्यामागं थोडं चरल्यासारखं केलं, मग कडब्याच्या गंजीखालच्या सांदीत शिरली. अर्ध्या तासानं बाहेर आली आणि जणू काही झालंच नाही अशी हौदावर गेली. मी जाऊन हात घातला तर नुसता पाला. वाटलं, काहीच नाही. पाला बाजूला केला तर खाली मऊ, राखाडी पिसांचा थर, तिनं स्वतःच्या छातीची उपटलेली, आणि त्याखाली अकरा अंडी. हात लावला तर वरचं एक अजून कोमट होतं.

हे झाकणं तिला कुणी शिकवलेलं नसतं. आपली बहुतेक पाळीव बदकं ज्या रानबदकाच्या वंशातली आहेत, ते मॅलार्ड जमिनीवरच घरटं करतं. उघड्यावर अंडी टाकून चरायला जायचं तर झाकून जाणं भाग आहे. ती रोज एक याप्रमाणे घालत राहते, दहा-बारा झाली की मगच बसते. आधी बसत नाही, म्हणून पहिलं अंडं आणि शेवटचं अंडं यांत दहा-बारा दिवसांचं अंतर असूनही पिल्लं एकाच दिवशी निघतात. मला यातलं सगळ्यात मोठं कौतुक याचंच वाटतं.

आता तुम्ही काय करायचं ते. उद्यापासून दार नऊला उघडायचं. पहिले चार-पाच दिवस त्या भयंकर ओरडतील, शेजारी तक्रार करतील. दम धरा. आत पिण्याचं पाणी ठेवा म्हणजे ओरडणं निम्मं कमी होतं. घरट्याला महागडं काही नको. लाकडी खोकं, आडवं केलेलं फुटकं पिंप, विटांचा आडोसा, काहीही चालतं. एक फूट रुंद, एक फूट उंच, दीड फूट खोल एवढी जागा पुरते, तीन बदकींना एक. पण ते जमिनीवर पाहिजे. कोंबडीसारखं उंचावर बांधलं तर बदकी ढुंकून बघणार नाही. खुराड्याच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, दारापासून लांब ठेवा. आत गव्हाचा भुसा किंवा सोयाबीनचं कोरडं भुसकट चार बोटं घाला आणि मुठीनं मधे वाटीसारखा खळगा करा. खळगा नसला की अंडं कडेला घरंगळतं, आणि बदकीला ती जागा पटत नाही. त्यात एखादा अंड्याएवढा पांढरा गोटा ठेवा. गंगेच्या वाळवंटात मी असले गोटे वेचून आणते. आधीचं अंडं दिसलं की बदकीला जागा भरवशाची वाटते.

भुसकट ओलं झालं की त्याच दिवशी बदला. बदकांच्या पायानं सगळं ओलं होतं, आणि ओल्यात पडलेल्या अंड्याच्या कवचातून घाण आत जाते.

बाहेरचं घरटं सापडलं तर सगळी अंडी एकदम उचलू नका. रिकामी जागा पाहिली की बदकी ती सोडते आणि नवी जागा शोधते, मग तुमची शोधाशोध पुन्हा पहिल्यापासून. एका अंड्यावर पेन्सिलीनं फुली मारून ते तिथंच ठेवायचं, बाकीची काढायची. जुनी-ताजी ओळखायला पाण्याच्या भांड्यात सोडा. तळाशी आडवं पडलं ते ताजं. उभं राहिलं ते जुनं. तरंगलं ते हळूच उचलून लांब पुरा, हातात फुटलं तर दोन दिवस वास जात नाही.

कुणाच्या पोटात अंडं आहे हे कळायलाही एक जुनी रीत आहे. बदकी हातात घेऊन शेपटीखाली, दोन्ही बाजूंच्या टोकदार हाडांच्या मधे बोटं ठेवा. दोन-तीन बोटं सहज बसली तर ती अंड्यावर आहे. एकच बोट जेमतेम बसलं तर नाही. सहाही बदकी अशा तपासा, म्हणजे घरच्यांना पुराव्यानिशी सांगता येईल.

आणि ताई, शेतात सोडण्यावरून एक सांगायचं राहिलं, ते फार महत्त्वाचं आहे. २०२२ साली लातूर, बीड, धाराशिवकडं गोगलगायींनी उगवतं सोयाबीन फस्त केलं, तेव्हापासून पुष्कळ जण बांधाला मेटाल्डिहाईडच्या विषारी गोळ्या टाकतात. बदकं बारक्या गोगलगायी आवडीनं खातात, आणि त्या गोळ्याही टिपतात. ज्या शेतात गोळी पडलीय तिथं बदक नेऊ नका. शेजारच्या बांधावर काय टाकलंय तेही विचारा. बदकंच गोगलगायी खाणार असतील तर गोळी नको, गोळी टाकायची तर बदक नको.

"आमच्याकडील बदक एकदाही उबवण्यास बसले नाही. दोन वर्षे झाली. पिल्ले हवी आहेत. बदकामध्ये काही दोष आहे का?"
– एक वाचक, हिंगोली

भाऊ, जात तुम्ही लिहिली नाही, पण सोबतचा फोटो खाकी कॅम्पबेलचा आहे. दोष काही नाही. ही जात इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमधल्या ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केली, ती अंड्यांसाठी. नीट सांभाळली तर वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. आता जी बदकी महिनाभर बसून राहील ती त्या महिन्यात अंडं देणार नाही. अंडी वाढवायची म्हणून निवड होत गेली आणि बसण्याची ओढ मागं पडली. इंडियन रनर या उभ्या चालीच्या बदकाचंही तेच. गावरान बदकी कधी बसते, कधी पाचव्या दिवशीच उठून जाते.

याला आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे खुडूक, म्हणजे उबायला बसलेली, कोंबडी. माझ्या सासूबाई डोळे मिटून सांगायच्या, कोणती कोंबडी टिकेल. गावरान, अंगानं मोठी, हात घातला की टोचणारी. अशा कोंबडीखाली बदकाची आठ ते दहा अंडी मावतात. तिच्या स्वतःच्या अंड्यांना २१ दिवस लागतात, बदकाच्या अंड्यांना २८. वरचा आठवडा तिला जड जातो, म्हणून रोज एकदा उचलून दाणापाणी द्या, पंधरा मिनिटं मोकळं फिरू द्या.

बदकाचं अंडं मोठं, कोंबडीला ते पायानं नीट फिरवता येत नाही. ती उठली की तुम्ही फिरवा, दिवसातून दोन-तीन वेळा. एका बाजूला पेन्सिलीनं रेघ, दुसऱ्या बाजूला फुली, म्हणजे घोळ होत नाही. आणि पाणी. बदकी स्वतः बसली असती तर अंघोळ करून ओल्या पिसांनिशी परत आली असती. कोंबडी कोरडी येते. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून रोज अंड्यांवर कोमट पाण्याचा हबका मारायचा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत हे चुकवलं तर आतलं पातळ कातडं वाळून चिकटतं आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू आतच मरतं. पंचविसाव्या दिवसानंतर फिरवणं बंद, पाणी चालू.

सातव्या दिवशी रात्री अंधारात टॉर्च लावून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर पिल्लू धरलंय. अंडं स्वच्छ काचेसारखं दिसलं तर रिकामं, काढून टाका. शेवटी कवचाला पहिली चीर पडल्यावर पिल्लू बाहेर यायला एक अख्खा दिवस, कधी जास्तही लागतो. त्या वेळी आपला जीव कासावीस होतो, सोलून काढावंसं वाटतं. हात लावू नका. आतल्या कातड्यातलं रक्त पिल्लाच्या अंगात जायचं असतं, पिवळ्याचा उरलेला भाग पोटात ओढून घ्यायचा असतो. मी एकदा घाई केली होती. ते पिल्लू संध्याकाळपर्यंत जगलं.

उबायला ठेवायची अंडी आठवड्याच्या आतली हवीत, धुतलेली नकोत, टोकदार बाजू खाली करून थंड जागी ठेवलेली हवीत. मे महिन्यात हा उद्योग करूच नका. अंड्याभोवतीची हवा २१ अंशांच्या वर गेली की आतला गर्भ वाढायला बघतो, आणि धड ऊब नाही धड गारवा नाही अशात तो मरतो. आमच्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली बेचाळीस अंश असतात. असल्याच उन्हाळ्यात मी बावीस अंडी टोपलीत जमवली आणि त्यातली मावतील तेवढी कोंबडीखाली ठेवली. एकही पिल्लू निघालं नाही. तिची अठ्ठावीस दिवसांची बैठक वाया गेली याचं मला अंड्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. पाऊस पडून हवा निवली की बसवा. ऑगस्टनंतर ते थंडी संपेपर्यंतचा काळ आपल्याकडं चांगला.

स्वतः बसणारं बदक हवं असेल तर मस्कोव्ही घ्या. तोंडावर लाल गाठी असलेलं, फारसं न ओरडणारं. हे मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, मॅलार्डच्या वंशातलं नाही. त्याची मादी घट्ट बसते, परक्याचीही अंडी उबवते. तिच्या स्वतःच्या अंड्यांना मात्र ३५ दिवस लागतात. आणि एकाच वाड्यात दोन्ही जाती मोकळ्या सोडू नका. त्यांचा संकर होतो, पण त्या पिल्लांना पुढं पिल्लं होत नाहीत.

कोंबडीनं काढलेली बदकाची पिल्लं पहिले दोन-तीन आठवडे खोल पाण्यात सोडायची नाहीत. बदकीखाली वाढलेल्या पिल्लांच्या अंगाला आईच्या पिसांचं तेल लागतं. कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना ते मिळत नाही. ती भिजतात, गारठतात आणि मरतात. उथळ ताटलीत पाणी ठेवा, चोच बुडेल एवढंच.

"आमच्याकडं फेब्रुवारीपासून टँकर. तळं नाही, विहीर कोरडी. बदक पाळावं का? पोहल्याशिवाय अंडी देतं का?"
– एक वाचक, आष्टी, जि. बीड

देतं. पोहण्याचा आणि अंड्याचा संबंध नाही. बदकाला डोकं पूर्ण बुडेल एवढं पाणी मात्र लागतंच, कारण ते नाकपुड्या आणि डोळे त्यातच धुतं. नाहीतर डोळ्यांत चिपडं साचतात, नाक बंद होतं. सहा-आठ इंच खोल घमेलं पुरे. ते विटांवर ठेवलं आणि खाली खळगा करून पाणी शेवग्याला काढलं की टँकरचा थेंब वाया जात नाही. आमच्या दोन शेवग्यांना वेगळं पाणी मी घालतच नाही.

एक नियम डोक्यात पक्का ठेवा: पाण्याशिवाय खाद्य नाही. कोरडा भरडा बदकाच्या चोचीत चिकटून घशात बसतो. रात्री पाणी ठेवायचं नसेल तर खाद्यही ठेवू नका. पण खरं सांगू का, ताई, एप्रिल-मेमध्ये माणसांनाच पाणी मिळत नसेल तर चार-पाचाच्या वर बदकं घेऊ नका. उन्हात ती कोंबडीपेक्षा जास्त पाणी मागतात, आणि त्या दिवसांत त्यांना तहानलेलं बघणं सहन होत नाही.

"बदकाचं अंडं हिरवट निघालं. खावं का?"
– एक वाचक, लातूर

खुशाल खा. कवच तयार होतानाच त्यात बिलिव्हर्डिन नावाचं हिरवट-निळं रंगद्रव्य उतरतं. ते वंशातून येतं. एकाच कळपात एकीची पांढरी, दुसरीची हिरवट असं असतं आणि जी हिरवट देते ती जन्मभर हिरवटच देते. त्यावरून आमच्याकडं कुणाचं अंडं कोणतं हे कळतं. आत काही फरक नाही. कोंबडीचं अंडं पन्नास-पंचावन्न ग्रॅमचं, बदकाचं पासष्ट ते पंचाहत्तर, पिवळा भाग मोठा. फक्त नीट शिजवा, अर्धकच्चं नको, कारण ते बऱ्याचदा चिखलात पडलेलं असतं.

"दोन बदकींची अंडी बिनकवचाची, नुसती पिशवी. एक पिल्लू पायानं वाकडं झालंय, दोन मेली. खायला आमच्याच शेतातला मका घालतो. परतीच्या पावसात भिजला म्हणून बाजारात कुणी घेतला नाही."
– एक वाचक, भोकरदन, जि. जालना

भाऊ, हे वाचल्या वाचल्या तो मका थांबवा. पान संपायची वाट बघू नका.

भिजलेल्या मक्यावर, भुईमुगावर जी बुरशी येते तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत हे विष सापडलं आणि जगाला ते कळलं. पाळीव पक्ष्यांत बदकाच्या पिल्लांना ते सगळ्यात लवकर बाधतं. कोंबडी ज्या खाद्यावर तग धरते त्यावर बदकाचं पिल्लू मरतं. मका धुतला, उन्हात वाळवला, शिजवला तरी विष जात नाही. बुरशी डोळ्याला दिसेनाशी होते, एवढंच.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून भुईमुगाची पेंड आणली होती. पोतं उघडलं तेव्हा कुबट वास आला. दुकानदार म्हणाला, पावसाळ्यात असा वास येतोच. मी ऐकलं. तीन आठवड्यांची पिल्लं होती. चौथ्या दिवशी सकाळी एक मान मागं टाकून पडलेलं दिसलं. संध्याकाळपर्यंत तीन. आठवड्यात एकवीसमधली अकरा गेली. डॉक्टरांनी एक फाडून दाखवलं तेव्हा काळीज, म्हणजे यकृत, फिकट, पिवळसर झालेलं होतं. तेव्हापासून मी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळची मूठ बाहेर काढते, वास घेते, आणि जरा जरी कुबट आलं तरी परत करते. दुकानदार काहीही म्हणो.

तुमच्याकडं पुन्हा पिल्लू मेलं तर ते टाकून देऊ नका. पिशवीत घालून बर्फावर ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडं न्या. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर या दोन्ही ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मरण कशानं आलं हे कळलं तर बाकीची वाचतात.

बिनकवचाच्या अंड्यांना बहुधा दुसरं कारण आहे. नुसत्या मक्यात कॅल्शियम जवळपास नसतंच. कवच चढायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि ते काम बरंचसं रात्री चालतं, म्हणून संध्याकाळी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. बदकी लागेल तेवढा आपणहून खाते. खाद्यात कालवून सगळ्यांना देऊ नका, नराला आणि पिल्लांना तेवढा चुना सोसत नाही. पानाचा चुना तर मुळीच नको, तोंड भाजतं. अंड्यांची टरफलं तव्यावर भाजून, बारीक चुरून दिली तरी चालतात. एखादी बदकी सकाळपासून शेपूट खाली घालून, कुंथत बसलेली दिसली तर अंडं अडकलंय असं समजा. दाबून काढायला जाऊ नका, आत फुटलं तर ती जाते. कोमट पाण्याच्या टबात अर्धा तास बसवा, अंधाऱ्या जागी ठेवा, तरीही झालं नाही तर डॉक्टर.

वाकड्या पायाचं कारण बहुतेक नायसिन हे जीवनसत्त्व. बदकाच्या पिल्लाला ते कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं. डॉक्टरांकडून पाण्यात घालायचं औषध घ्या, लवकर सुरू केलं तर पाय सुधारतात.

"डिसेंबरात अंडी एकदम बंद. जमिनीवर पिसंच पिसं. रोग आहे का?"
– एक वाचक, उदगीर

रोग नाही, पिसं बदलायला लागलीत. आपल्याकडं डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा, जूनमध्ये तेराच्या थोडा वर. बदकीचं शरीर उजेडाचे तास मोजतं. भरपूर अंडी हवीत तर चौदा ते सोळा तास उजेड लागतो, म्हणून मोठे व्यावसायिक बल्ब लावतात. मी लावत नाही. पिसं नवी यायला तिला अंगातलंच प्रथिन लागतं, तेवढे दीड-दोन महिने तिला सुकट आणि विश्रांती देते. बल्ब लावायचाच तर रोज त्याच वेळेला लागला पाहिजे. आज आहे, उद्या लाइट गेली, असं झालं तर अवेळी पुन्हा पिसं गळतात.

"काकू, आमच्या बदकातला नर कोणता? आणि नर नसला तर अंडी येतील का? मी सहावीत आहे."
– एक विद्यार्थी, नांदेड

बाळा, शेपटीकडं बघ. वर वळलेली एक-दोन पिसं दिसली, आकड्यासारखी, तर तो नर. ती पिसं चार-पाच महिन्यांनी येतात. त्याआधी आवाजावरून ओळखायचं. खणखणीत "क्वॅक क्वॅक" करणारी मादी, घसा बसल्यासारखा बारीक आवाज काढणारा नर. नर नसला तरी बदकी अंडी देते, पण त्यातून पिल्लू निघत नाही. पिल्लं हवी असतील तर पाच-सहा माद्यांना एक नर पुरतो. जास्त नर ठेवलेस तर ते माद्यांच्या मानेची पिसं उपटून काढतात.

"जायकवाडीच्या पाण्याजवळ गवतात आठ अंडी सापडली. बदकाचीच आहेत. कोंबडीखाली ठेवू का?"
– एक वाचक, पैठण तालुका

नाही. तुम्ही लिहिलंय, जवळून उडालेल्या पक्ष्याच्या चोचीचं टोक पिवळं आणि कपाळाशी लाल ठिपका होता. ते हळदीकुंकू बदक. वर्षभर आपल्याकडंच राहतं, थंडीत येणाऱ्या पाहुण्यांतलं नाही. जायकवाडी हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं या पक्ष्याला, त्याच्या अंड्यांनाही संरक्षण आहे. उचलणं गुन्हा आहे.

पण कायद्याच्याही आधी एक बघा. आठच अंडी आहेत, म्हणजे कदाचित तिचं घालणं अजून चालू आहे, ती बसायला लागलेलीच नाही. अंडी गार लागली म्हणून टाकून दिली असं समजू नका, टिकलीसारखीच तीही झाकून चरायला गेली असेल. तुम्ही गवत बाजूला केलं असेल तर उघडी पडलेली अंडी कावळ्याला वरून दिसतात. परत जायचं झालं तर एकदाच जा, दुपारी, कुत्रं सोबत नेऊ नका. अंड्यांना हात न लावता वर तेच गवत आणि तिचीच पिसं पांघरा, पायवाट पडेल असं चालू नका, आणि मागं वळून बघायला थांबू नका. मासे धरायला येणाऱ्या पोरांनाही जागा सांगू नका. महिना-सव्वा महिन्यानं लांबून नजर टाका. रुंद बाजूनं टोपी काढल्यासारखी फुटलेली कवचं दिसली तर पिल्लं निघून पाण्यात गेली.